मयताची भाऊबीज

आमच्या हिनं एकदा खून केला. चोरूनबिरून नाही, टीव्हीवर, दिवाळीच्या तोंडावर, सगळ्या मुंबईच्या देखत. आणि ज्याला मारलं तो माणूस पुढं दर वर्षी आमच्या घरी येऊन तिच्याच हातच्या करंज्या हाणायचा. हे कुणाला सांगायला गेलो की लोक एकमेकांकडं बघतात. बायको गेल्यापासून म्हातारा बरळायला लागला, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं. शिक्षण माझं सातवीपर्यंत, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. सुंदर बिंदर लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

संपात माझी गिरणी बुडाली आणि आम्ही लालबागची खोली सोडून कांदिवलीला आलो. मला एका कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. आमची चाळ एकमजली, वर लाकडी गॅलरी, खाली अंगण. गॅलरीत उभं राहिलं की पश्चिमेला पार खाडीपर्यंत आभाळ मोकळं. हे आभाळ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या हिला भाऊ नव्हता. पाठचा एक होता, तो गावाला लहानपणीच तापात गेला. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा. सूर्य बुडाला की जरासा दिसतो नि लगेच जातो. त्यामुळं त्या दिवशी हिची तारांबळ. तबक घेऊन गॅलरीत उभी, मान वर, आणि वाटेत कुणी आलं की खेकसायची. मी म्हणायचो, "तुझा भाऊ बरा आहे. जेवायला थांबत नाही, साडीपण आणत नाही."

"तुमच्या भैनीपेक्षा बरो," ती म्हणायची. "वर्षातून एकदा येता नि कायएक मागणा नाय."

रागावली किंवा लाडात आली की ती मालवणीत शिरायची. एरवी चारचौघांसारखं बोलायची.

आता खुनाकडं येतो. तेव्हा टीव्हीवर आठवड्यातून एकदा पोलिसी मालिका लागायची. दर वेळी एक मुडदा, एक इन्स्पेक्टर, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करून इन्स्पेक्टर बोट दाखवणार, खुनी हा! चाळीत रंगीत नाही, पण एक टीव्ही होता, कोपऱ्यातल्या काकूंकडं. मालिका लागली की आम्ही सगळे त्यांच्या खोलीत. काकू दर वेळी पहिल्याच मिनिटाला सांगायच्या, "दूधवाल्यानं मारलंय." दूधवाला असो नसो. त्यांचं आपल्या दूधवाल्याशी पाण्यावरून भांडण होतं.

तर एका वर्षी, वैशाखात, फणस पिकायच्या दिवसांत, आमच्या चाळीत दिवाळी आली. त्या मालिकेवाल्यांना दिवाळीचा खास भाग काढायचा होता आणि त्यासाठी खरी चाळ पाहिजे होती. घरमालक हो म्हणाला. सकाळी उठून बघतो तर गॅलरीभर आकाशकंदील. उकाड्यानं जीव चाललाय आणि अंगणात पोरं नवे कपडे घालून फुलबाज्या उडवतायत. एक मोठी दाढी असलेला माणूस खुर्चीवर बसून ओरडत होता. तो डायरेक्टर. आम्ही त्याला दाढीवालाच म्हणायचो, तोंडावर नाही.

दाढीवाल्याला फराळ खरा पाहिजे होता. "कॅमेऱ्यात सगळं कळतं," म्हणाला. म्हणून चाळीतल्या बायकांना सामान आणून दिलं. कुणी चकल्या, कुणी शंकरपाळे. करंज्या आमच्या हिच्याकडं आल्या. तिच्या करंजीला सगळ्या चाळीत नाव होतं. घाम पुसत पुसत तिनं वैशाखात करंज्या तळल्या आणि तळताना मला म्हणाली, "देवाक काय वाटत असात ओ? अजून सहा महिने हत दिवाळेक."

"देव टीव्ही बघत नाही," मी म्हटलं.

गोष्ट काय, कोण मरतो, कुणी मारलं, हे कुणी सांगेना. शेवट फुटला तर मजा जाईल म्हणे. तुकडे तुकडे काढत होते, त्यातही उलटसुलट. आधी इन्स्पेक्टर जिना उतरला, मग दोन तासांनी चढला. काकू म्हणाल्या, "उतरला कधी नि चढला कधी, ह्यालाच आधी पकडा."

संध्याकाळी भाऊबीजेचा सीन होता. बहिणीचं काम करणारी नटी तिचं तोंड दाखवायचं तेवढं काम आटपून गेली होती. तिचा नाटकाचा प्रयोग होता. राहिला होता फक्त हातांचा शॉट. ओवाळणारे हात, करंजी भरवणारे हात. दाढीवाला म्हणाला, "कोणाचे तरी हात द्या रे!" चाळीतल्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, हात पुढं करून, शाळेत नखं तपासतात तशा. दाढीवाला बघत बघत गेला आणि आमच्या हिच्यापाशी थांबला. "हे हात," म्हणाला.

माझं लग्न होऊन किती वर्षं झाली होती, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचे हात बघितले. चांगले होते.

नटीची निळी साडी हिच्या साडीवरनं खांद्याला गुंडाळली. पाटावर भाऊ येऊन बसला. उंच, किडकिडीत, नाक मोठं, घामानं कॉलर भिजलेली. चाळीतल्या कुणीच त्याला आधी कुठं बघितला नव्हता. मुलुंडला राहायचा, एका कंपनीत ऑफिसात कामाला होता, सुट्टी टाकून अशी छोटी छोटी कामं करायचा. दाढीवाल्यानं हिला सांगितलं, "बाई, नेहमी ओवाळता तसं ओवाळा. दुसरं काही करू नका."

नेहमी म्हणजे ती चंद्राला ओवाळायची. माणसाला ओवाळायची ही तिची पहिलीच वेळ.

कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. हात जरापण हलला नाही. मी बाजूला दिव्याच्या खांबापाशी उभा होतो, मला तिचं तोंड दिसत होतं. ते कॅमेऱ्यात येणार नव्हतं. बरं झालं. ते बघायचं काम इतरांचं नव्हतं.

मग करंजी भरवली. दाढीवाला म्हणाला, पुन्हा. पुन्हा भरवली. लाईट गेली, पुन्हा. माशी बसली, पुन्हा. तो बिचारा एकेक अख्खी करंजी खात होता. दाढीवाला म्हणाला, "अरे, नुसती चाव ना!" तो म्हणाला, "सर, फार चांगली आहे, थांबता येत नाही."

तबकात टाकायला त्याला कंपनीनं एक पाकीट दिलं होतं, रिकामं. शॉट संपल्यावर त्याला लाज वाटली असावी. खिसे चाचपले आणि स्वतःचं पेन काढून तबकात ठेवलं. "ताई, आता एवढंच आहे," म्हणाला. "खऱ्या भाऊबीजेला येतो."

"खरंच यायचं," ही म्हणाली.

असं लोक म्हणतात. मी पण किती जणांना म्हटलंय. पण हिनं ते पेन देवापाशी ठेवलं. कुणाला हात लावू द्यायची नाही. आता मी हे त्याच पेनानं लिहितोय, रिफिल बदलून बदलून.

पावसाळा गेला, गणपती गेले. चाळीत एकच विषय. खून कुणी केला? कोण म्हणे इन्स्पेक्टरच, कोण म्हणे नटीचा नवरा. काकू दूधवाल्यावरच ठाम. मधल्या काळात आमच्या समोर, पश्चिमेला, एक बिल्डिंग उभी राहायला लागली. महिन्याला एक मजला वर. मी लक्ष दिलं नाही. हिनं दिलं होतं, ते मला नंतर कळलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तो भाग लागला. काकूंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिला पुढं बसवलं, मानाची पाहुणी म्हणून. आणि आले हात! सगळी चाळ ओरडली. "वहिनी! वहिनीचे हात! झकास!" तोंड नटीचं आणि हात हिचे, पण आम्हाला फक्त हातच दिसत होते. ही पदर तोंडाला लावून हसत होती. निरांजन फिरलं, करंजी भरवली. पुढच्या सीनला भाऊ जिन्यात मरून पडलेला.

"अगं बाई, हाच मेला होय," काकू म्हणाल्या.

हिचं हसू गेलं. तरी बसली. मग इन्स्पेक्टर हिंडला, याला विचार त्याला विचार, आणि शेवटी सगळ्यांना उभं करून म्हणाला, "विष करंजीत होतं." आणि पुन्हा दाखवले हात. हळू हळू, मोठे करून, भीती वाटेल असं संगीत वाजवत. करंजी उचलणारे हात. भरवणारे हात. वडिलांच्या घरासाठी बहिणीनंच भावाला मारलं होतं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, यंदा आमच्याकडं करंज्या नकोत हां!" आणि सगळी खोली फुटली. काकूंना तर हसता हसता ठसका लागला. मीपण हसलो, खोटं कशाला सांगू.

ही उठली आणि घरी गेली.

मी मागोमाग गेलो. ही अंधारात बसली होती. "अगो, खोटं असतं ते," मी म्हटलं.

"विख खोटा होता," ती म्हणाली. "पण ओवाळलंय ता खरा होता. मिया तेका ओवाळलंय, आणि मियाच मारलंय."

भावाला ओवाळायचं ते त्याला आयुष्य मागायला. तिनं खरं मागितलं होतं. आणि त्याच ताटात विष घालून मारला, तिच्याच हातांनी, सगळ्यांच्या समोर. एक भाऊ तिचा आधीच गेलेला. मी सांगत राहिलो की तो मुलुंडला मजेत पोहे खात बसला असेल. ती म्हणाली, "तुम्ही बघितलात?"

दुसऱ्या दिवशीपासून सगळा फराळ झाला, करंज्या नाहीत. सारण तयार होतं, तसंच झाकून ठेवलं. चाळीतली माणसं काही वाईट नव्हती, पण चिडवायचं सोडतात होय? फराळाचं ताट घेऊन गेली की, "आधी मांजराला घालतो हां वहिनी." ती हसायची नि घरी येऊन गप्प बसायची. जेवण दोन घास.

मग पाडवा आला. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसलो. ही येईना. हाक मारली तर आतून म्हणाली, "ह्या हातांनी मी तुमका नाय ओवाळूचंय."

"अगो काय हे?"

"आधी तो जितो दिसाक व्हयो. मग तुम्ही."

म्हणजे माझीपण वाट लागली. दिवाळीचा सण, घरात जिवंत बायको, आणि मी पाटावर टोपी घालून एकटा. उठलो, तीच टोपी घालून निघालो मुलुंडला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती.

शूटिंगच्या दिवशी बोलता बोलता त्यानं सांगितलं होतं तेवढंच मला ठाऊक होतं, की तो भाजी मार्केटच्या मागे राहतो आणि बिल्डिंगच्या खाली इस्त्रीवाला आहे. मुलुंडला इस्त्रीवाले काय कमी आहेत? हिंडलो. टीव्हीत काम करणारा उंच माणूस, म्हणून विचारत सुटलो. एक इस्त्रीवाला म्हणाला, "वो? वो तो मर गया ना पिछले हफ्ते! दूसरा माला." आणि हसून मला जिना दाखवला.

दार एका बाईंनी उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा, कडक इस्त्रीचं पातळ. बघितल्याबरोबर समजलं की शाळेत शिकवत असणार. मी चपला काढायच्या आधीच त्यांनी माझी टोपी, कपडे, सगळं तपासलं.

"कोण पाहिजे?"

"टीव्हीत काम करतात ते. मी कांदिवलीहून आलो. आमच्या चाळीत शूटिंग झालं होतं. त्यात ते हात..."

"ते हात!" बाई म्हणाल्या. "त्या बाईचे तुम्ही कोण?"

"नवरा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अजून आहात?"

"रोज तिच्याच हातचं खातो," मी पोटावर थाप मारली. "हे बघा."

त्यांना हसू आलं होतं, पण दाबलं. पाणी दिलं. मग बोलायला लागल्या. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. बहीण नाही. दर भाऊबीजेला बाईच त्याला नुसतं गोड करून घालणार, बस. वैशाखात शूटिंगवरून घरी आला तेव्हा आधी कामाचं काही सांगितलं नाही, म्हणाला, आई, आज मला एका बाईनं ओवाळलं. "मला इतकं बरं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि गेल्या आठवड्यात बघते तर हे! मी शिकलेली बाई आहे, नाटक मला समजतं. तरी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली त्याची. भाऊबीजेच्या ताटात विष? ज्यानं हे लिहिलं त्याला मी वर्गाबाहेर उभा केला असता."

"माझी बायको पण हेच म्हणते."

"मग आता काय पाहिजे तुम्हाला?"

"उद्या त्यांना पाठवा. तिला खरं ओवाळायचंय."

बाईंनी चष्मा पुसला. "हे बघा. तिचं तेव्हाचं ओवाळणं खरं असेल, तर विषही खरं म्हणायला पाहिजे. आणि ओवाळणं खोटं असेल, तर माझ्या मुलानं तुमच्याकडं यायचं काही कारण नाही. सांगा, खरं की खोटं?"

मी सातवी पास. मी म्हटलं, "बाई, असलं मला कळत नाही. माझी बायको जेवत नाही, एवढं कळतं."

तेवढ्यात आतून तो आला, खांद्यावर टॉवेल, तोंडाला साबण, अर्धी दाढी केलेली. "कोण जेवत नाही?"

"तुझी खुनी," बाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं. "ताई जेवत नाहीत? माझ्यामुळं?" आणि आईकडं वळून, "आई, मी उद्या जाणार आहे."

"त्या घरी तू काही खायचं नाहीस."

"भाऊबीजेला जायचं आणि खायचं नाही? असं कसं?"

"मग जायचंच नाही!"

दोघांचं जुंपलं. तो साबण लागलेल्या तोंडानं, त्या चष्मा हातात घेऊन. मी निघालो. जिन्यात आल्यावर बाईंनी वरून हाक मारली, "अहो, तिला सांगा, बघू."

बघू. एवढंच घेऊन मी कांदिवलीला परत आलो. हिनं दारातच विचारलं, "बघितलात?"

"बघितला. जिवंत आहे. दाढी करत होता."

"येताहा?"

"आई म्हणते, बघू."

"आवस म्हणता ता बरोबर आसा," ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तरी पाठवलं नसतं, असंही म्हणाली. पण त्या संध्याकाळी जेवली. थोडं.

भाऊबीजेला दुपारी तिनं स्टोव्ह उचलून दारात आणला. गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. सारणाची परात बाहेर, कणीक बाहेर, तूप बाहेर. आणि सगळ्यांच्या समोर करंज्या करायला बसली. "बघून घेवा काय घालतंय ता," म्हणाली. चिडवणारी सगळी तोंडं गप्प. काकू चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या, साक्षीदार म्हणून. खोबरं, साखर, वेलदोडा, खसखस, सगळं बघितलं आणि जाहीर केलं, "ठीक आहे. दूधवाल्याचं काही घातलेलं नाही."

मग पाट मांडला, रांगोळी घातली, तबक तयार. ऊन उतरलं. तो नाही. ही दर वेळी जिन्याकडं बघायची नाही, पश्चिमेकडं बघायची. मला उलगडेना. मग मी पण तिकडं बघितलं. समोर ती नवी बिल्डिंग, बांबू बांधलेली, गोणपाटं लोंबणारी, आणि आभाळ नाहीच. चंद्र उगवला काय नि बुडाला काय, आमच्या गॅलरीतून आता दिसणारच नव्हता. म्हणजे तो जर आला नाही, तर यंदा तिला ओवाळायला कुणीच नव्हतं. वरचापण नाही.

ती मला म्हणाली, "मे म्हयन्यापासून बघतंय मी. दर महिन्याक एक माळो."

मी उगाच पाट सरळ केला. तो सरळच होता.

तेवढ्यात अंगणातून पोरांचा आरडाओरडा. "मयत आला! मयत आला!"

सगळी चाळ कठड्याला. तो येत होता, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. आणि मागोमाग, हातात पिशवी, धापा टाकत, आई. पोरं त्यांच्याभोवती नाचत होती. कोपऱ्यातल्या काकू वरून ओरडल्या, "खरंच हालतोय का रे?" त्यानं मान वर करून हात हलवला.

आई जिना चढून आल्या त्या थेट आमच्या दारात. "कुठं आहे ती?"

ही पुढं झाली. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून बघितले. टीव्हीवर दिसले नव्हते ते तेलाचे डाग, तव्याचे चटके, सगळं चष्म्यातून बघितलं. "हेच ते," म्हणाल्या. आणि ते हात सोडले नाहीत.

"आई," तो मागून म्हणाला, "पुरे की."

"तू गप्प बस. तू मेलायस." मग हिला, "करंजी आण. आधी मी खाणार."

"नाय," ही म्हणाली. "आधी मी."

"मी वयानं मोठी आहे."

"विख माझ्या हातचा म्हणतत ना लोक? मग आधी मी."

दोघी अडून बसल्या. सगळी चाळ बघतेय. शेवटी हिनं करंजी मोडली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाल्ली. चावत चावत डोळे मिटले. मी स्वतः, हसू नका, घाबरलो होतो.

"खसखस भाजून घेतेस?" त्यांनी विचारलं.

"होय."

"म्हणून." आणि दुसरी उचलली. मग दोघी बसल्या खसखशीवर बोलत, आणि करंज्या चालल्या.

"अहो, मला ठेवा!" मयत म्हणाला. "मी ज्यासाठी मेलो ते मला मिळणार का नाही?"

तेव्हा कुठं त्याला पाटावर बसवला. त्यानं डोक्यावर रुमाल धरला. हिनं ओवाळलं, वैशाखात ओवाळलं होतं तसंच. या वेळी हात थोडा हलला. आईंनी पिशवीतून खण काढून त्याच्या हातात दिला आणि त्यानं तो तबकात ठेवला. करंजी भरवली. त्यानं खाल्ली, आणि दोन्ही हात छातीला लावून, डोळे फिरवून, भिंतीला टेकला.

ही किंचाळली. आईंनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की अंगणापर्यंत ऐकू गेला.

"ॲक्टिंग!" तो पाठ चोळत म्हणाला. "ॲक्टिंग होती, आई!"

त्यांनी त्याला आणखी एक घातला. चाळ हसून हसून बेजार. मग हिनं तोच दिवा माझ्याकडं वळवला. "बसा," म्हणाली. "टोपी घाला." त्या वर्षी माझा पाडवा भाऊबीजेला झाला, आणि मी लाजत लाजत, त्या सगळ्यांच्या समोर, ओवाळून घेतलं.

त्यानंतर तो येतच राहिला. मालिकेत पुढं कधी पोस्टमन झाला, कधी मुनीम, मोठा काही झाला नाही. पण आमच्या चाळीत शेवटपर्यंत त्याला मयतच म्हणायचे. "वहिनी, मयत आलाय, चहा टाका." आई होत्या तोवर त्यापण यायच्या. आणि दर वर्षी करंजी भरवायच्या आधी ही ती मोडायची आणि अर्धी स्वतः खायची. त्याशिवाय त्याला द्यायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "आमच्यात अशीच रीत आसा."

गेल्या वर्षी ती गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. घर मोठं झालंय, एवढंच सांगतो. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला वरचा मजला मिळाला. पश्चिमेला खिडकी आहे. बीजेचा चंद्र आता इथून चांगला दिसतो, आणि ओवाळणारी नाही.

यंदाच्या भाऊबीजेला मला वाटलं, आता हा कशाला येतोय. त्याचे गुडघे गेलेत. दुपारी बेल वाजली. काठी टेकत उभा, केस सगळे पांढरे, नाक तेवढंच. बसला. मी चहा केला, फार गोड झाला. मग मी कपाटातून डबा काढला. दुकानातून करंज्या आणून ठेवल्या होत्या, आलाच तर म्हणून. बशीत एक ठेवली, त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं हात लावला नाही. माझ्याकडं बघत बसला.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी करंजी मोडली, अर्धी तोंडात टाकली. त्यानं वाट बघितली.

"काय होतंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. आहे अजून."

"मग द्या."

त्यानं अर्धी खाल्ली. चावली, तोंड वाकडं केलं, चहाचा घोट घेऊन गिळली.

"दाजी," म्हणाला, "ह्याच्यापेक्षा ताईचं विष बरं होतं."

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारची सून दार उघडून बघायला आली. आणि तरी तो सगळा डबा संपवला. दर वेळी मी अर्धी आधी, मग तो.